भात किती, मासळी किती? लो-कार्ब सुरू करणाऱ्यांचे प्रश्न

वजन कमी करण्यासाठी भात-पाव कमी करायचा आहे, पण नेमका किती आणि त्याच्या जागी काय खायचे, असे विचारणारी बरीच पत्रे गोव्यातून आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. बहुतेकांनी सुरुवात एकाच तऱ्हेने केली आहे: एका सोमवारी भात बंद. आणि बहुतेकांचा भात दहा दिवसांत परत आला आहे. म्हणून पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, ते सगळ्यांनीच वाचावे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र आधी दुसरे उत्तर वाचावे आणि मगच ताटात बदल करावा.

प्रश्न: वय ४६, उंची १६२ सेंमी, वजन ८२ किलो. दिवसभर बसून काम. तपासण्या ठीक आहेत, औषध कसलेच नाही. सकाळी दोन पोळ्या आणि पातळ भाजी, अकराला चहा-बिस्किटे, दुपारी शीत-कडी (भात आणि मासळीची कडी), रात्री पुन्हा तेच. दोनदा भात पूर्ण सोडला, दोन्ही वेळा आठव्या दिवशी पुन्हा धरला. सुरुवात कुठून करू? (वाचक भगिनी, म्हापसा)

आधी हिशेब करू. तुमची पोळी म्हणजे पोदेराची (पाववाल्याची) पोळी असे आम्ही धरतो. घाटावरची पोळी म्हणजे आपली चपाती, तिचा हिशेब वेगळा. पोदेराची पोळी साधारण ६० ग्रॅम भरते. पाव, उंडे, पोळी, काहीही असो, वजनाच्या निम्मी कर्बोदके धरली की फार चूक होत नाही. म्हणजे एका पोळीत ३० ग्रॅम, दोन पोळ्यांत ६०. वर कोंडा भुरभुरलेला असला तरी हा आकडा फारसा बदलत नाही, कारण आज बऱ्याच ठिकाणी आतले पीठ मैद्याचेच असते. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला २८ ग्रॅम कर्बोदके असतात. ताटात वाढलेला भात न मोजता २५० ते ३०० ग्रॅम सहज होतो, म्हणजे एका जेवणात ७० ते ८५ ग्रॅम. चहाची साखर आणि बिस्किटे यांची आणखी ३०-४०. तुमची बेरीज रोज अडीचशे ग्रॅमच्या आसपास किंवा पुढेच जाते.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असली की त्या आहाराला सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर आणला की तो किटो. तुम्ही १०० ग्रॅमच्या आसपास राहावे असे आमचे मत आहे. किटोमध्ये नारळाचे वाटण, कांदा, वाल, अळसांदे सगळेच मोजून-मापून घ्यावे लागते; दोन महिने ते जमते, घरात वर्षभर जमत नाही. आणि वजन उतरवायला तेवढी टोकाची गरजही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लो-कार्ब गटाचे वजन सरासरी ६ किलोने, तर लो-फॅट गटाचे ५.३ किलोने उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. जो आहार पाळता येतो तो चालतो. मासळी खाणाऱ्या घरात लो-कार्ब पाळणे सोपे जाते, हा आपला फायदा.

आता दोनदा काय बिघडले ते. दोन्ही वेळचा भात काढला म्हणजे ताटातून सहाशेच्या आसपास कॅलरी गेल्या, आणि त्या जागी काहीच आले नाही. मासळीचा तुकडा तेवढाच राहिला, भाजी तेवढीच राहिली. मग संध्याकाळी पाचला पोट रिकामे, हातात चिवडा, आणि आठव्या दिवशी भाताची ओढ इतकी की माणूस स्वतःवरच चिडतो. यात मनाच्या कमकुवतपणाचा भाग फार थोडा आहे. तुमच्या ताटात प्रथिने कमी पडली. तुमच्या उंचीला योग्य वजन ६० किलोच्या खालीच येते, तरी सोपे जावे म्हणून ६० धरू. त्याला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे रोज ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने लागतील. भात काढण्याआधी ही भर घाला. उलट क्रमाने केले की फसते.

पहिला आठवडा: भाताला हात लावू नका. चहातली साखर, बिस्किटे, बाटलीतली गोड पेये, फळांचे रस बंद. सकाळी दोन पोळ्यांच्या जागी दोन अंडी, वाटीभर भाजी आणि अर्धी पोळी. याच आठवड्यात स्वयंपाकघरातला एक साधा वजनकाटा आणा आणि तुमच्या रोजच्या वाटीत भात किती ग्रॅम मावतो ते एकदा मोजून ठेवा. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते, त्यामुळे ‘एक वाटी’ या मापावर आमचा विश्वास नाही.

दुसरा आठवडा: दुपारचा भात १०० ग्रॅमवर. कच्च्या तांदळाचे माप हवे असेल तर ३५ ग्रॅम. पण आधी दोन मध्यम बांगडे ताटात आले पाहिजेत. दीडशे ग्रॅमच्या एका बांगड्यात काटा-डोके जाऊन ९० ग्रॅमच्या आसपास मांस उरते आणि त्यात १७ ग्रॅम प्रथिने असतात. दोघांचे मिळून ३४. सोबत दीड वाटी तांबडी भाजी किंवा भेंडी, आणि काकडी.

तिसरा आठवडा: रात्रीचा भात बंद. त्या जागी १५० ग्रॅम चिकन किंवा सोललेली सुंगटे (कोळंबी), भरपूर भाजी आणि हवी असल्यास ३० ग्रॅम पिठाची एक चपाती, तिच्यात २० ग्रॅम कर्बोदके येतात. दुपारी चारच्या चहाबरोबर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे. जेवणात १०० ग्रॅम दही.

असे जेवलात की दिवसाची कर्बोदके १०० ग्रॅमच्या जवळपास आणि प्रथिने ८५-९० ग्रॅम होतात. खाण्याचा क्रमही सांभाळा: आधी मासळी आणि भाजी, भात शेवटी. भात आधी वाढला की कडी त्याच्यावर पडते आणि मग माप राहत नाही. मासळीचा तुकडा आधी खाऊन झाला असेल तर १०० ग्रॅम भात पुरतो, हे तुम्हाला पंधरा दिवसांत जाणवेल.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचानंतर. पहिल्या आठ-दहा दिवसांत दीड-दोन किलो पटकन उतरेल, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) तीन ग्रॅमच्या आसपास पाणी असते. साठा उतरला की तेही जाते. नंतर आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. दीड किलोच्या वर सतत उतरू लागले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, तेव्हा जेवण थोडे वाढवा. दर पंधरा दिवसांनी शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावून कंबर मोजा. भारतीय बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितलेली आहे. काटा अडला तरी टेप हलत असते.

प्रश्न: माझ्या यजमानांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे, शिवाय रक्तदाबाची गोळी. वजन ९१. शेजाऱ्यांची साखर भात सोडून खूप उतरली, म्हणून यांनाही उद्यापासून सुरू करायचे आहे. (वाचक भगिनी, फोंडा)

उद्यापासून नको. आधी डॉक्टरांची भेट, आणि भेटीत एकच वाक्य स्पष्ट सांगा: ‘आम्ही कर्बोदके निम्म्यावर आणणार आहोत, गोळ्यांचे काय करायचे?’

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली जे निष्कर्ष आले त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात होते, २६.४ टक्के, देशाचे प्रमाण ११.४. म्हणजे आपल्याकडे आहार बदलणाऱ्या घरात मधुमेहाची गोळी घेणारे कोणी ना कोणी असण्याची शक्यता मोठी. कर्बोदके कमी केल्याने मधुमेहात साखर खरोखर उतरते, म्हणूनच जपायचे.

ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड या गोळ्या ताटात काय आहे ते न बघता इन्सुलिन बाहेर काढायला लावतात. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. जेवणातला भात निम्मा आणि गोळी पूर्ण, असे झाले की साखर ७० च्या खाली घसरते: घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ. म्हणून या औषधांचा डोस अनेकदा आहार बदलण्याच्या दिवशीच कमी करावा लागतो, किती ते डॉक्टर ठरवतील. पहिले दोन आठवडे उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना ग्लुकोमीटरवर साखर बघून वहीत लिहा. घसरली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि अजून खाली असेल तर पुन्हा तेवढीच. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी घरात ग्लुकोज पावडरच ठेवावी. ही औषधे साध्या साखरेचे विघटन रोखतात, त्यामुळे साखर खाऊन लवकर गुण येत नाही.

डापाग्लिफ्लोझिनचे प्रकरण वेगळे आणि अधिक गंभीर आहे. हे औषध, तसेच एम्पाग्लिफ्लोझिन आणि त्याच गटातली इतर, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला फार कमी कर्बोदके किंवा लांबलचक उपास आला की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. फसवणूक अशी की तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा यांपैकी काही दिसले तर ‘साखर तर १८० च आहे’ म्हणून घरी थांबू नका. थेट रुग्णालय गाठा आणि हे औषध चालू आहे असे तिथे सांगा. ताप, जुलाब, उलट्या किंवा उपास असेल तेव्हा ही गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. हे औषध चालू असताना किटो करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली १२०-१३० ग्रॅमची मर्यादा पाळणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यांनी मान्य केले तर तुम्ही तिथपर्यंतच जा.

रक्तदाबाचेही पाहा. कर्बोदके कमी झाली की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी जास्त सोडतात, दाब उतरतो, आणि गोळी तेवढीच राहिली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर धोकादायक घसरण्याची भीती फारच कमी.

सुरू करण्याआधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीसाठी) या तपासण्या करून घ्या. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर प्रथिनांचे आमचे वरचे आकडे यजमानांना लागू होत नाहीत. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण आणि पूर्वी खाण्याचा मानसिक आजार झालेले यांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. ज्यांना गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) आहे त्यांनी तारले, बांगडे आणि शिंपल्यांचा मारा टाळावा. युरिक ॲसिड सुरुवातीच्या आठवड्यांत एरवीही थोडे चढते.

प्रश्न: उकड्या तांदळाची पेज तरी चालेल ना? ती तर पचायला हलकी. (वाचक, डिचोली)

चालेल, मोजून. उकडताना कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात आणि उकड्या तांदळाने साखर साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा थोडी सावकाश चढते, हे त्याचे गुण खरेच. पण १०० ग्रॅम कोरड्या तांदळात कर्बोदके दोन्हींकडे ७८-७९ ग्रॅमच. पेजेचा फायदा पाण्यात आहे: ३० ग्रॅम तांदळाची पेज वाडगाभर होते आणि कर्बोदके २४ ग्रॅम पडतात. सकाळी पोळीऐवजी ती घ्या, सोबत भाजलेला बांगडा किंवा एक अंडे. नुसत्या लोणच्याबरोबर घेतली तर अकराला भूक लागेल. ‘भात थंड करून खाल्ला की कर्बोदके लागत नाहीत’ असेही एका पत्रात आहे. थंड केल्याने थोडा स्टार्च न पचणारा होतो, पण त्याने ताटाचे गणित बदलत नाही. उरलेला भात दमट हवेत बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये टाका.

प्रश्न: आम्ही घरी शिवराकच. श्रावणात तर सासूबाईंचे उपासही असतात, त्यांनाही वजन कमी करायला सांगितले आहे. मासळीशिवाय लो-कार्ब जमते का? (वाचक भगिनी, मडगाव)

जमते, पण मर्यादा थोडी सैल धरावी लागते. मासळीतून प्रथिने येतात तेव्हा कर्बोदके सोबत येत नाहीत. डाळीतून येतात तेव्हा येतात: ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ ग्रॅम प्रथिने आणि १८ ग्रॅम कर्बोदके. डाळीवरच सगळा भार टाकला तर ६५ ग्रॅम प्रथिनांपर्यंत पोचताना कर्बोदके दीडशेच्या पुढे जातात. म्हणून तुम्ही १२० ते १३० ची मर्यादा ठेवा आणि प्रथिने चार-पाच ठिकाणांहून गोळा करा.

एका दिवसाचा नमुना देतो. सकाळी ४० ग्रॅम मुगाची दोन घावने, प्रथिने १०. दुपारी ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांचे तोणाक (वाटणाची रस्साभाजी), प्रथिने १५, कर्बोदके फक्त १०. वड्या गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून दोनदा पिळल्या की त्यांचा उग्र वास जातो आणि वाटण आत शिरते. सोबत एक चपाती किंवा ७० ग्रॅम भात, आणि भाजी. चारला ३० ग्रॅम शेंगदाणे, प्रथिने ७. रात्री १०० ग्रॅम पनीर, प्रथिने १८, भाज्यांबरोबर परतून. दिवसभरात २०० ग्रॅम दही, प्रथिने ७. भाजी-चपातीतली धरून ६० च्या पुढे जाता.

भाज्यांत एक घोटाळा नेहमी होतो. खतखते भाज्यांचे आहे म्हणून हलके समजले जाते, पण त्यात सुरण, माडी, कणगी, मक्याचे कणीस असे सगळे पिष्टमय एकत्र येते. नीरफणसाची कापेही तशीच. १०० ग्रॅम नीरफणसात भातासारखीच २७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, वर रव्याचे आवरण. हे पदार्थ सोडू नका, पण त्या जेवणात भात किंवा चपाती घेऊ नका. पावसाळ्यातली अळमी मिळाली तर जरूर खा, कर्बोदके अगदी थोडी. फक्त तिला प्रथिनांचे जेवण समजू नका, अळंब्यांत १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच प्रथिने असतात.

सासूबाईंच्या उपासाबद्दल: साबूदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. ७५ ग्रॅम साबूदाण्याच्या खिचडीत ६५ ग्रॅम कर्बोदके, वर बटाटा. साध्या दिवशीच्या जेवणापेक्षा उपास जड पडतो तो असा. दही, ताक, पनीर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि एखादे फळ यांवर उपास निभतो. पण त्या मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर आधी वरचे दुसरे उत्तर, मधुमेहाच्या गोळ्यांचे, त्यांना लागू.

प्रश्न: भात-पाव कमी करून पाच दिवस झाले. डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि तीन दिवस पोट साफ नाही. सोडून देऊ का? (वाचक, वास्को)

सोडू नका, कारण यातली बरीच तक्रार मीठ-पाण्याची आहे. कर्बोदके उतरली की इन्सुलिन उतरते, आणि मूत्रपिंडे सोडियम सोडू लागतात. त्याच्या मागे पाणी जाते. त्यात आपल्याकडचा घाम. नुसते पाणी ढोसल्याने डोकेदुखी हटत नाही, उलट वाढू शकते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर आठवडाभर रोज अर्धा चमचा मीठ जास्त घ्या, दोन वेळच्या सोलकढीत किंवा ताकात विभागून. साखर न घातलेली सोलकढी यासाठी उत्तम. कोकम सरबत मात्र नको, त्याच्या एका पेल्यात तीन-चार चमचे साखर सहज असते. शहाळे चालते, पण एका शहाळ्यात ८ ते १० ग्रॅम कर्बोदके धरा. गोळे आठवड्यानंतरही राहिले तर रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्या.

पोट साफ न होण्याचे कारण, भाताबरोबर जेवणाचा एकूण आकारच कमी झाला. दिवसाला ४०० ग्रॅम भाजी पोटात गेली पाहिजे, त्यात पालेभाजी रोज. तरीही नाही झाले तर रात्री दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून. पाणी कमी घेतले तर तेच इसबगोल आत अडकून बसते. तोंडाला विशिष्ट वास येणे हे कीटोनचे लक्षण. १०० ग्रॅमच्या आसपास असाल तर सहसा येत नाही. येत असेल तर तुम्ही ठरवल्यापेक्षा बरेच कमी खाता आहात.

प्रश्न: पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. गेले पाच आठवडे काटा जागचा हलत नाही. भात दिवसाला एकदाच, तोही थोडा. मासळी रोज तळलेली, काजू, नारळ, सगळे लो-कार्बच आहे. शनिवारी दोन पेग. (वाचक, काणकोण)

उत्तर तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. कर्बोदके कमी म्हणजे कॅलरी कमी, असे होत नाही. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. माणशी २५ ग्रॅम खोबऱ्याची कडी ठीक; पण घट्ट रसाची कडी, भाजीवर पेरलेले खोबरे आणि वर सोलकढी मिळून तेच ७०-८० ग्रॅमवर जाते. तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरींचा. तळलेल्या मासळीला रवा किती लागतो तेही पाहा: दोन तुकड्यांना दोन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदके आणि रव्याने शोषलेले तेल. मसाला किंवा रेशाद (लाल मिरचीचे आंबट वाटण) लावून तव्यावर दोन चमचे तेलात भाजा, रवा लावू नका. रेशादमधली चिमूटभर साखर आम्ही मोजत नाही. काजू ३० ग्रॅमला ९ ग्रॅम कर्बोदके आणि १६५ कॅलरी. बरणी समोर ठेवून ३० वर कोणी थांबत नाही, तेव्हा वाटीत मोजून घ्या आणि बरणी आत ठेवा.

फेणीत कर्बोदके नाहीत हे खरे, पण ६० मिलिलिटरला १४० च्या आसपास कॅलरी आहेत. शिवाय शरीर आधी मद्य जाळते, चरबी नंतर. हुर्राकात (काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूत) मिसळायची लिंबाची गोड बाटली त्याहून वाईट: १०० मिलिला १० ग्रॅमच्या आसपास साखर. सोडा, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची एवढ्यावर भागवा. मधुमेहाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी मद्य घेऊ नये, मध्यरात्री साखर घसरते.

चौदा दिवस हे बदल करा: तेल माणशी रोज चार लहान चमचे, खोबरे २५ ग्रॅम, काजू बंद, मद्य बंद, जेवणानंतर वीस मिनिटे चालणे. आठवड्यातून दोन दिवस बैठका, भिंतीवर हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे असा ताकदीचा व्यायाम. नाहीतर उतरलेल्या वजनात स्नायूही जातात. एकूण वजन कमी झाले की शरीराची गरजही कमी होते, त्यामुळे पहिल्या महिन्यातले माप तिसऱ्या महिन्यात पुरत नाही, ते थोडे आखडावे लागते.

खोबरेल तेलाबद्दलही एका पत्रात विचारले आहे, ते इथेच घेतो. त्यात ८० टक्क्यांहून अधिक संपृक्त चरबी असते. लो-कार्ब आहारात ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) सहसा उतरतात, पण काहींचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलेच चढते. कोणाचे चढेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून सुरू करताना एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करा. चढले तर खोबरेल, तूप, शोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) कमी करून शेंगदाण्याचे तेल आणि तारले-बांगडे वाढवा, आणि डॉक्टरांना दाखवा.

मानकुरादच्या मोसमाचा प्रश्न दरवर्षी येतो. १०० ग्रॅम गरात १४-१५ ग्रॅम कर्बोदके. एका मध्यम आंब्याचे २०-२२. खावासा वाटतो तेव्हा एक खा, जेवणाच्या शेवटी, आणि त्या जेवणातला भात सोडा. आमरस करू नका, रसात तीन आंबे कधी जातात कळत नाही.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, वजन ६८. तीही माझ्याबरोबर भात सोडायचा म्हणते. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घरात काय शिजवायचे? (वाचक भगिनी, पेडणे)

मुलीला ग्रॅम मोजायला लावू नका. वाढीच्या वयात भात-चपाती तोडली तर अभ्यासात लक्ष लागत नाही, पाळी अनियमित होऊ शकते, आणि खाण्याशी कायमचे वैर जडण्याची भीती या वयात सगळ्यांत जास्त. तिच्यासाठी गोड पेये, पाकिटातले खारे पदार्थ, बिस्किटे आणि रोजची पॅटिस बंद, सकाळी एक-दोन अंडी, रोज तासभर खेळ, रात्रीची पुरेशी झोप. भात ताटात राहू द्या. घरात तिच्या वजनावर बोलणे नको, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. पाळी चुकत असेल किंवा मानेवर काळपट जाड पट्टा दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मासळीचे म्हणाल तर यांत्रिक बोटींची बंदी १ जून ते ३१ जुलै. त्या दोन महिन्यांत घरातला लो-कार्ब हमखास ढासळतो, कारण बांगड्याची जागा बटाट्याची भाजी घेते. मे महिन्यातच ठरवून ठेवा: आठवड्याला माणशी दहा-बारा अंडी, दोनदा चिकन, खाडीतली मासळी मिळेल तेव्हा, आणि दोन दिवस पनीर किंवा सोया. चिकनची शागोती खोबऱ्यासह चालते. काफ्रियाल त्याहून सोपे. हिरवा मसाला लावून चार तास ठेवा, झाकण ठेवून स्वतःच्याच पाण्यात शिजवा, सोबतचे बटाटे वगळा. सुके बांगडे आणि सुंगटे प्रथिनांना उत्तम, पण मीठ फार. सुके बांगडे अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून ते पाणी फेका, मग भाजा, आणि त्या दिवशी कडीत मीठ घालू नका. किसमुरीला मूठभर सुकी सुंगटे भाजून, डोकी काढून, कांदा, खोबरे आणि आमसुलाबरोबर कालवा. रक्तदाब असलेल्याने सुकी मासळी आठवड्यातून एकदाच, तीही चवीपुरती.